चंद्रीसाठी अंधार

मंगळवारी संध्याकाळी अक्काचा फोन आला आणि बुधवारी सकाळी सहाच्या बसने मी नागपूर सोडलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यात गेली, त्याला बेचाळीस वर्षं झाली. फोनवर तिने एवढंच सांगितलं, "सुमे, चंद्री शनिवारी बाजारात चालली. पाहाची असंल तर ये."

चंद्री म्हणजे तिची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. मी तिला वगार, म्हणजे लहान पारडी, असल्यापासून ओळखते. मागे एकदा तिने माझ्या नव्या साडीचा पदर चघळून त्याची चिंधी केली होती, तरी माझा तिच्यावर जीव. दोन वर्षं झाली, ती माजावर येत नव्हती, म्हणजे गाभण राहत नव्हती, म्हणजे दूध नाही. अशा भाकड म्हशीला बाजारात कोण घेतं आणि तिचं पुढे काय होतं, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला नुसती पाहायची नव्हती. शनिवारला तीन दिवस होते. एकतीस वर्षं नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवलेल्या बाईला तीन दिवसांत एक मेहुणा वळवता येत नसेल, तर शिकवलं काय कप्पाळ!

पांढरकवडा गेलं, पैनगंगेचा पूल आला, आणि पलीकडे पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. दोन्ही तीरांवर कापूस मात्र तोच. आदिलाबादच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. चहावाल्याने विचारलं, "एक्कडिकी, अम्मा?" (कुठे निघालात, बाई?) मी जुळवून जुळवून तेलुगूत सांगायला लागले, तसा तो हसला. "मराठी हाय ना तुमी? मंग मराठीत सांगा की! कायले जिभेले तरास देता?"

पुढच्या बसमध्ये माझी फजिती झाली. रात्री मला झोप येत नाही. निवृत्त झाल्यापासून बारा-एकपर्यंत दिवा आणि मोबाइल चालू, जेवण दहाला, आणि साखर वाढल्याबद्दल डॉक्टरांची बोलणी. पण दिवसा बसमध्ये बसले की अशी झोपते की विचारू नका. नेरडीगोंडा मागे टाकून गाडी घाट उतरायला लागली तेव्हा कंडक्टरने हलवून उठवलं. उतरले, आणि कापूस वेचून परतणाऱ्या बायांच्या ऑटोत, कापसाच्या गाठोड्यावर बसून परत मागे आले. बायांनी वाटभर मला हसून घेतलं. मीही हसले, करते काय!

घरी पोचले तर ओसरीच्या खुंटीवर कोरी दोरी टांगलेली दिसली. आपल्याकडे जनावर विकताना घरचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घराची बरकत जाते म्हणतात. म्हणून विकणारा आधीच नवी दोरी आणून ठेवतो. नवी दोरी आली म्हणजे निर्णय झालेला.

भाऊजी खाटेवर बसले होते. "या मास्तरीणबाई. शेवटी आल्याच म्हना."

"दोरी आणलीत वाटतं?"

"हाव. म्हातारी झाली आता थे म्हैस. दोन वरसं झाली, नुसती खाऊन राह्यली. डॉक्टर तीनदा येऊन गेला. दोष काहीच नाही म्हन्ते. मंग वयच झालं ना तिचं?"

अक्काने आतून जेवायला हाक मारली. जेवायला बसलो तेव्हा ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी (इथे तिला गोंगुरा म्हणतात) वाढताना हळूच म्हणाली, "चंद्री गेली का मीबी गेले समज, सुमे. पोरगा म्हन्ते, ढोर नसंल तर खेड्यात कायले राहाचं, हैदराबादले चला. सातव्या माळ्यावर घर हाय त्याचं. मी तिथं बसून काय करू व? खिडकी पुसू?"

आणि तिचे डोळे भरले. अक्काला रडताना मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

जेवण संध्याकाळी सातलाच झालं होतं. हात धुवायला अंगणात आले आणि डोळे दिपले. गोठ्यावर एक दणकट एलईडी दिवा लावलेला. खाली क्रिकेटची मॅच खेळावी एवढा उजेड! त्यात चंद्री डोळे मिचकावत उभी. तेवढ्यात कोंबडा आरवला. संध्याकाळी साडेसातला!

"ह्याला काय झालं?" मी विचारलं.

"तो असाच हाय," अक्का म्हणाली. "कधीबी कोकलते."

रात्रभर तो उजेड खिडकीतून माझ्या उशीवर पडत होता. दिवा सकाळीच बंद होतो म्हणे. मी पडल्या पडल्या कोंबड्याचा विचार करत राहिले.

गुरुवारी सकाळी शेताकडे निघाले. दवाने ओला कापूस, मध्ये ज्वारीचे पट्टे, लांब सागाचं रान. वाटेत पोचन्नाचा गोठा लागतो. पोचन्ना हा सत्तरीचा गुराखी. गावाची ढोरं चारण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या चार म्हशी, आणि चारही गाभण.

"चंद्रीला काय झालं असेल, पोचन्ना?" मी विचारलं. "म्हातारी झाली का?"

"कोन म्हन्ते? दात पाह्यले मी. अजून तीन-चार वेतं देईन थे."

मग मी शाळेतल्यासारखी उलटतपासणी सुरू केली. चारा? तोच. पाणी? एकाच ओढ्याचं. रेडा? गावात एकच. डॉक्टर? तोच. मी त्याच्या गोठ्यात वाकून पाहिलं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, आत काळोख.

"वीज नाही घेतलीस इथे?"

"म्हशीले वाचाचं हाय का काई?" पोचन्ना म्हणाला. "गाय कधीबी फळते बाई. म्हशीचं तसं नाही. दिवाळी सरली, चीकटि (अंधार) वाढला, का म्हशी माजावर येतात, रेकाले लागतात. माह्या बापाच्या वक्तापासून असंच हाय."

मी तिथेच बांधावर बसले. एकतीस वर्षं मी हेच तर शिकवत आले होते! दिवस लहान झाला, रात्र वाढली, की डोळ्यांतून मेंदूला खबर जाते, अंधारात स्रवणारा रस जास्त वेळ स्रवतो, त्यावरून शरीराला ऋतू कळतो. कुणी केस वाढवतं, कुणी चरबी साठवतं, आणि म्हैस माजावर येते. फळ्यावर मी घड्याळाची आकृती काढायची, मुलं ती वहीत उतरवायची, पाच गुण मिळायचे. आणि माझ्या बहिणीच्या गोठ्यात दोन वर्षं ऋतूच बदलला नव्हता. चंद्रीच्या लेखी कायमचा उन्हाळा चालू होता, आणि कोंबड्याला संध्याकाळीच पहाट वाटत होती. ती हिवाळ्याची वाट पाहत उभी होती आणि आम्ही तिला म्हातारी ठरवून मोकळे झालो होतो.

मी जवळजवळ धावतच घरी आले. "भाऊजी, तो दिवा बंद करा!"

भाऊजींचा चेहरा एकदम उतरला. "नाही जमाचं."

"अहो पण का?"

"नाही म्हन्लं ना!" ते ओरडले आणि उठून निघून गेले.

मग अक्काने सांगितलं. चंद्रीला आधीचं एक पारडू होतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, अंधारात त्याला साप डसला. सकाळी भाऊजींनीच पाहिलं. चंद्री त्याला चाटत उभी होती. त्याच आठवड्यात मुलाकडून त्यांनी दिवा मागवला. "तवापासून रातच्याला दोनदा उठून पाह्यतात, लागून हाय का नाही," अक्का म्हणाली.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्याला हट्ट समजत होते, ती भीती होती. भीतीपुढे फळ्यावरचं घड्याळ काय कामाचं? पण मी हार मानणारी नव्हे.

शुक्रवारी उजाडताच मी पदर खोचला. गोठ्याला लागून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, मोठा ढीग होता. सरपणाला ठेवतात, सगळीकडे असतोच. मी एकटीने तो उपसायला घेतला. अक्का आली, मग पोचन्ना आला. तळहात सोलून निघाले, एक काटका नखात घुसला, आणि मी कळवळून अशी ओरडले की कोंबडा दचकून उडाला. भाऊजी लांबून पाहत होते, पण येत नव्हते.

ढीग कमरेखाली आला तेव्हा पोचन्नाने हात वर केला. "थांबा."

तळाशी, उंदरांच्या बिळांजवळ, सापाची कात पडली होती. एक नाही, दोन. वरची तर अजून लवचिक होती.

"भाऊजी, इकडे या," मी हाक मारली. आले. काठीने कात उचलून धरली आणि बघतच राहिले.

"ही यंदाची," पोचन्ना म्हणाला. "सापाले लाइटाचं काय? त्याले उंदीर पायजे."

भाऊजींनी वर दिव्याकडे पाहिलं. दोन वर्षं रात्री उठून ज्या उजेडावर भरवसा ठेवला, त्याच उजेडात साप आरामात नांदत होता. मला त्यांची फार दया आली. पण गप्प बसायची ही वेळ नव्हती.

"भाऊजी, ऐका. घड्याळ सापालाही असतं. थंडी पडली की त्याचं अंग मंदावतं, भूक मरते, तो बिळात जाऊन पडतो. म्हशीला अंधार हवा असतो तो नेमका त्याच महिन्यांत. ढीग परसाच्या टोकाला नेऊ, बिळं बुजवू. पावसाळ्यात लावा तुमचा दिवा खुशाल. पण आता हिवाळाभर तिला रात्र द्या."

भाऊजींनी काठीने कात दूर सारली. मग म्हणाले, "अन् काही झालं तं?"

"तर मला शिव्या द्या. नागपूरला येऊन द्या."

"शिव्या तं मी इथूनबी देईन," ते म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. "ठीक हाय. संक्रांतीपर्यंत मुद्दत देतो. मंग मात्र बाजार. मंजूर?"

"मंजूर."

दिवसभर आम्ही चौघांनी बिळं बुजवली, माती चोपली. दिवेलागणीला भाऊजी बटणाशी गेले, हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि दिवा लावला नाही. अंगणात हळूहळू काळोख भरला. चंद्रीने मान खाली टाकली, फोंss करून श्वास सोडला आणि बसली. मीही आठला आडवी झाले. कधी झोप लागली कळलं नाही.

शनिवारी परतीच्या वाटेवर बाजाराला निघालेली ढोरं रस्त्याने दिसत होती. त्यांत चंद्री नव्हती. पण खुंटीवरची दोरीही कुणी काढली नव्हती.

नागपूरला आल्यावर मी पहिल्यांदा माझ्या उशाचा दिवा काढला. म्हशीला एक आणि मास्तरणीला एक असा न्याय थोडाच असतो? जेवण सातला, मोबाइल स्वयंपाकघरात. वय काही परत येत नाही, हे मला कळतं. पण रात्र दिली की दिवसाला धार येते, हे अंगाने पटलं. रोज मात्र वाटायचं, माझं चुकलं असेल तर? अक्काला खोटी आशा तर लावली नाही ना? डिसेंबर सरत आला तरी फोन नाही. करायचा धीर मलाही होईना.

संक्रांतीला आठ दिवस असताना पहाटे फोन वाजला. भाऊजी होते. आजवर त्यांनी मला स्वतः होऊन कधी फोन केला नव्हता.

"मास्तरीणबाई, ऐका," ते म्हणाले, आणि फोन गोठ्याकडे धरला. पलीकडून म्हशीचं रेकणं ऐकू आलं. लांबलचक, घरभर घुमणारं.

"रातपासून रेकून राह्यली. पोचन्ना रेडा आनाले गेला."

 मी विचारलं, "आणि दोरी?"

"थे व्हय?" भाऊजी म्हणाले. "पऱ्हाटीचा भारा बांधाले घेतली."