कुंडीखालची परात

बस्सी या हिंदी मुलखातल्या छोट्या गावी रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आमच्या घरात पाणी कधी एकाच कामात संपलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणाला. नळाला करंगळीएवढी धार, तीही मनात आलं तर. बाबा रुळांची निगा राखणारे ट्रॅकमन, अकोल्याकडून बदलीवर आलेले. आई हापशीच्या रांगेत. तिचा नंबर यायला उशीर असला की मी पुस्तक घेऊन तिच्या जागी उभी. ते पाणीही खारं. हंड्याच्या काठावर पांढरी पापडी धरायची.

त्या रांगेत वाचून मी बी.एस्सी. झाले, वनस्पतीशास्त्रात. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

शाळेत नोकरी लागली, शहरात मानसरोवर वसाहतीत घर झालं. बाबा रिटायर झाले तेव्हा क्वार्टरच्या भिंतीच्या फटीत उगवलेला वीतभर पिंपळ डब्यात घालून घेऊन आले. म्हणाले, "नोकरीतलं एवढंच आणलं सोबत." त्याचंच मी बोनसाय केलं. खोड मनगटाएवढं झालं तेव्हा शहरातल्या प्रदर्शनात ठेवायचं ठरवलं. शेजारच्या मॅडम हसल्या, "अरे, ये तो दीवारवाला पीपल है! इसको कौन देखेगा?"

"आप ही देखोगी, मैडमजी," मी म्हटलं.

आणि नेमकी तेव्हाच पानं पिवळी पडून गळायला लागली. रोप दुसरं आणता आलं असतं, बाबांचं ते नव्हे. मी झाड कुंडीतून उपसलं. कुजका वास आला, खालची मुळं काळी. आणि कुंडीच्या भोकात चिंधीचा बोळा, घट्ट बसवलेला.

आई दारातच उभी होती. "मीच लावला व. इतकं पानी खालून वाह्यते, मले पाह्यवत नाही."

तिला काय बोलणार? ती हापशीवर उभी होती म्हणून मी शिकले होते. पण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि इथलं बोअरचं खारं पाणी वरून घोटघोट दिलं की क्षार मातीतच साठतो. भरपूर पाणी घालून तो खालून धुऊन काढावाच लागतो.

काळी मुळं कापली. विटांचे तुकडे फोडून, चाळून, धूळ काढून टाकली. त्यात जाड बजरी, म्हणजे भरड वाळू, आणि थोडं शेणखत मिसळून झाड पुन्हा लावलं. बाबा शेजारी बसून बघत होते. "जिंदगीभर मी रुळाखाली खडी टाकली. तू आता झाडाखाली टाक. कॉलेजात हेच शिकवलं का?"

"हेच, बाबा. पाणी थांबलं की रूळही खचतो आणि झाडही."

"मंग पास झाली तू," ते म्हणाले.

राहिला आईचा प्रश्न. मी तिची कणकेची परात आणली, तिच्यात दोन विटा ठेवल्या, विटांवर कुंडी. झारीनं पाणी घातलं, खालून धार लागेपर्यंत. परात भरली. आईनं परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी बादलीत ओतलं आणि फरशी पुसायला घेतली.

त्या दिवसापासून झारी तिच्याकडे गेली. सकाळी मातीत बोट घालून बघायची. ओल लागली तर म्हणायची, "आज नाही व, त्याचं पोट भरलं हाये." दोन-अडीच आठवडे झाड नुसतं काडीसारखं उभं होतं. मग एका सकाळी तिनं गच्चीवरून हाक मारली. टोकाला तांबूस पान फुटलं होतं, नखाएवढं.

ते प्रदर्शन हुकलं होतं; पुढच्या प्रदर्शनात आम्ही तिघं पिंपळ घेऊन गेलो. परीक्षकांनी कुंडी उचलून खालचं भोकही तपासलं. "पानी कौन देता है?"

"मी... मैं देती, जी," आई म्हणाली. "नीचे से निकलने तक डालने का. फिर उसीसे पोंछा लगाने का."

परीक्षक खळखळून हसले आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं. मागच्या गर्दीत शेजारच्या मॅडम मोबाइलवर आमच्या झाडाचा फोटो काढत होत्या.

बस्सीच्या भिंतीतल्या पिंपळाला पहिलं बक्षीस मिळालं. ते आईनं स्टेजवर जाऊन घेतलं.