बांधावरची भालू

परदेशी माहितीपटांचं मराठी निवेदन लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून मी पेंग्विनांची मराठीत ओळख करून देते. गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतला कोयोटी नावाचा प्राणी आला आणि माझं गाडं अडलं. मी सरळ ‘कोल्हा’ लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी लाल खूण केली. कोल्हा वेगळा म्हणे. मग लांडगा? तोही वेगळा. अहो, मग तुम्हीच सांगा ना! तर त्या सांगेनात.

म्हणून गावी बाबांना फोन लावला. मुरुडच्या अलीकडे खाडीकाठी आमची खाजणातली भातशेती आहे. खारं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध, आणि बांधापलीकडच्या तिवरांत कोल्ह्यांची वस्ती. बाबांना एखादा शब्द विचारला की अर्धा तास सुटका नसते. त्या दिवशीही ते रंगले. “कोल्हा तो कोल्हा. झुपक्याच्या शेपटीचं बारकं असतं, तं खोकड. तुमची शहरातली माणसं दोघांना एकच नाव देतात. डोळे हायत का बटणं?” सगळे मिळून ओरडतात ती कोल्हेकुई. ती आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही असते, असं मी म्हटलं, तर पोट धरून हसले.

“आणि भालू?” मी विचारलं. भालू म्हणजे कळप सोडून एकटी फिरणारी म्हातारी कोल्हीण. ती ज्या घराकडे तोंड करून ओरडते तिथलं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात.

“ठेवतो,” ते म्हणाले, आणि ठेवलासुद्धा.

बाबांनी आपणहून फोन ठेवला असं कधी झालेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

ते ओटीवर पाय लांब करून बसले होते. पोटरीला लुंगीची चिंधी बांधलेली, खाली हळदीचा जाड लेप. बांधावर खेकड्यानं धरलं, असं त्यांनी आईला सांगितलं होतं आणि लेप तिनंच लावला होता. मी चिंधी सोडली. चार खोल भोकं, मधलं मांस फाटलेलं.

“खेकड्याला दात कधीपासून आले, बाबा?”

त्यांनी चिंधी परत पायावर ओढली.

“कधी झालं हे?”

“झाले पाच दिवस.”

“कोण चावलं?”

“न्हाय सांगणार.”

पाच दिवस वाया गेले होते. पिसाळलेल्या जनावराचं विष एकदा डोक्यात चढलं की जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही, एवढं मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक होतं. आधी नळाखाली साबणानं पाय खळखळून धुतला, मग रिक्षा बोलावली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. फोन कुठल्या शब्दावर ठेवला होता ते आठवून मीच म्हणाले, कोल्हा. उशीर झालाय, डॉक्टर म्हणाले, पण इंजेक्शनं देऊ. जखमेभोवती टोचलं तेव्हा बाबांनी हूं की चूं केलं नाही.

मग सगळी इंजेक्शनं होईपर्यंत, महिनाभर, मी लॅपटॉप घेऊन गावीच राहिले. कोयोटीला शेवटी कोयोटीच ठेवलं, बाईंनी बरोबरची खूण केली, मला त्याचं काही वाटलं नाही. विष चढलं की माणसाला पाणी गिळवत नाही, म्हणून रोज सकाळी बाबा पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे आणि मी पोळी लाटता लाटता थांबून त्यांच्या गळ्याकडे बघायचे. घोट उतरला की पुढची पोळी. मी फार घाबरले होते. घाबरले की माझी जीभ सुटते, आणि ती सगळी बाबांवरच सुटली.

शेवटचं इंजेक्शन झालं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही चहा घेत होतो. डॉक्टर म्हणाले होते, आता काळजीचं कारण दिसत नाही.

“आता तरी सांगाल?” मी म्हटलं.

बाबांनी कप खाली ठेवला. “भालूच होती. चावली ती चावली, वर आपल्या घराकडं तोंड करून ओरडली. अशी गोष्ट ज्याच्या कानावर घालू ना, ती त्याच्यावर जाते. आता आयेला सांगू तुझ्या? का तुला सांगू?” त्यांनी पोटरीवरून हात फिरवला. “म्हटलं, ऱ्हाऊ दे माझ्याकडंच.”

तुम्हाला आमची काडीचीही पर्वा नाही, हे मी त्यांना महिनाभर रोज ऐकवत होते, आणि ते ऐकून घेत होते.