पेटीतली झोळी

मी जनावरांची डॉक्टर आहे. माझी जीप माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि हट्टाच्या बाबतीत आम्ही दोघी बरोबरीच्या. मागची चाकं फसली की पुढचीही जोर लावतात, म्हणूनच मी ती घेतली. मंगरूळपीरहून निघालेला डांबरी रस्ता गावाच्या पहिल्या घराशी संपतो. त्यापुढे पांदण, म्हणजे दोन शेतांच्या मधून बैलबंडी जाईल एवढी वाट. माझे पेशंट नेमके त्या पांदणीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले असतात.

मागच्या वर्षी मी जनावरांच्या सोनोग्राफीचं मशीन घेतलं. पाटीएवढा पडदा, त्याला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला जनावराच्या आत फिरवायचा प्रोब, बस एवढंच. पण गाय-म्हैस गाभण आहे की नाही हे हातानं खात्रीनं सांगायला दोन महिने थांबावं लागतं, आणि मशीनवर ते महिन्याभरात दिसतं. पहिले पंधरा दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी चहाला आलेल्या पाहुण्यालाही मी ते उघडून दाखवायची. माझी माय कपाळावर हात मारायची.

एवढं कौतुक, पण मी ते ठेवायची कुठे? तर शालीत गुंडाळून शेजारच्या सीटवर, वरून पट्टा. आपण फार काळजी घेतो असं मला वाटायचं. माय एकदाच म्हणाली, "लेकरू असतं तं असंच सीटवर टाकून नेलं असतं का तुनं?" मी हसून सोडून दिलं. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणं केलेलं, तिला मशीनमधलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं खरं.

सोयाबीन निघाल्यावरचे दिवस होते. माल नेणाऱ्या ट्रॅक्टरांनी पांदणीच्या चिखलात गुडघाभर चर पाडले होते आणि आता ते वाळून दगड झाले होते. आसेगावच्या पुढे शेतात एक मावशी राहते, तिच्याकडे निघाले होते. तिची एकच म्हैस. दोनदा रेड्याकडून भरवली, दोन्हीदा उलटली, म्हणजे गाभ राहिलाच नाही. तिसऱ्यांदा भरवून चाळीस दिवस झाले होते. व्यापारी शुक्रवारी यायचा होता. म्हैस गाभण असेल तर ठेवायची, नसेल तर द्यायची, असं मावशीनं ठरवलं होतं, कारण भाकड म्हैस उन्हाळा निघेपर्यंत पोसणं तिला झेपणार नव्हतं. पण द्यायची इच्छा तिला अजिबात नव्हती. बोलता बोलता तिचा हात सारखा म्हशीच्या पाठीवरून फिरत होता.

मी ऐटीत मशीन काढलं, बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. हलवलं, फुंकलं, थापट मारली. काळाच.

"काय झालं वं बाई? नाई हाय का पोटात?" मावशीनं घाबरून विचारलं.

"म्हशीचं नाही मावशी, मशीनच बंद पडलं."

"मंग म्हसीचं काय करू मी?"

मी हातमोजा चढवला. हात घालून पाहिलं. चाळीसाव्या दिवशी हाताला जे लागतं त्यावर मी कोणाची म्हैस विकायला लावणार नाही. "शुक्रवारी सकाळी येते," मी म्हणाले. "तोवर दावं कोणाच्या हातात देऊ नका." परत येताना मला स्वतःचा इतका राग आला होता की गिअर टाकताना जीपही बिचकत होती.

अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडलं आणि आतली धूळ बोटावर घेऊन मला दाखवली. "मॅडम, यात पीठ दळता का?" एक वायर धक्क्यानं सुटली होती. चार दिवसांनी, मंगळवारी, त्यानं जोडून दिली आणि बजावलं, "आता पुन्हा असा दणका बसला तर बोर्डच जाईल. मग माझ्याकडे आणू नका, पूजेला ठेवा." हातात तीन दिवस होते.

मी अकोल्याहून थेट कारंज्याला गेले. तिथे बाजारामागच्या गल्लीत एक चाचा धान्याच्या कोठ्या आणि पत्र्याच्या पेट्या करतात. त्यांच्या कोठीत ठेवलेले गहू पुढच्या वर्षीही पोराला खाऊ घालावेत असे राहतात, अशी त्यांची ख्याती. मी सांगितलं, जीपमध्ये बसेल अशी पक्की पेटी हवी.

"अंदर काय ठेवशीन बेटा? गहू का तूर?"

"मशीन. फार नाजूक आहे, चाचा."

चाचांनी मान हलवली, जणू नाजूक गहूही त्यांनी पुष्कळ पाहिले होते. "चूहा, ओल आन चोर. तीनच दुश्मन. तिघायचाही बंदोबस्त करून देतो."

आणि त्यांनी तो केलाच. बुधवारी दुपारी गेले तर पेटी तयार. झाकणाला आतून रबराची पट्टी, धूळ जायला सुईएवढी फट नाही. पेटी जीपच्या तळाशी बोल्टांनी पक्की करायची, पण नट पेटीच्या आत. म्हणजे कुलूप उघडल्याशिवाय चोराला पेटी उपटून नेता यायची नाही. बाहेरून पांढरा रंग, उन्हानं आतलं तापू नये म्हणून. आणि ओल शोषायला चुन्याच्या खड्यांची पुरचुंडी, वेगळ्या डबीत, डबीच्या झाकणाला भोकं. मी खूश होऊन मशीन आत ठेवायला गेले तर चाचांनी हात धरला.

"मशीन नाई. पयले अंडे टाक."

पलीकडच्या दुकानातून बारा अंडी आली. चाचा स्वतः जीपच्या मागे बसले, टोपी नीट दाबली आणि मला म्हणाले, "चल, जितला खराब रस्ता तुले मालूम हाय तितला." कारंज्याबाहेर एक अशी वाट मला माहीत होती. परत आल्यावर झाकण उघडलं. चार अंडी शाबूत, आठांचा रस्सा.

चाचांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आयुष्यात त्यांच्या पेटीनं पहिल्यांदा मालाचं नुकसान केलं होतं. ते पेटीभोवती दोनदा फिरले, मग खाली बसले. "धान्याले धक्का लागत नाई ना बेटा," ते हळूच म्हणाले. "पन्नास वर्सं झाले, हा चौथा दुश्मन मले कदी भेटलाच नाई."

मग आम्ही दोघं डोकं लढवू लागलो. पेटी मागच्या चाकावर बसवली होती. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यानं कधी प्रवास केलाय त्याला ही चूक समजावून सांगायला नको. नवी भोकं पाडून पेटी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे, दोन चाकांच्या मधोमध आणली. पुन्हा बारा अंडी. आठ वाचली. मग पेटीत सगळीकडून जाड स्पंज ठासून भरला. नऊ वाचली. आणखी स्पंज घातला तर पुन्हा आठ. अंडीवाला आता आम्हाला पाहिलं की स्वतःच ट्रे उचलून आणत होता आणि काही विचारत नव्हता. नऊ अंडी वाचली हे चांगलंच, पण माझ्याकडे मशीन एकच होतं.

घरी जाताना फुटकी अंडी पातेल्यात घेऊन गेले. गुरुवारी सकाळीही आमच्याकडे भुर्जीच होती. मायनं दुसऱ्या घासाला विचारलं, "काय करून राह्यली वं तू? अंड्याचं दुकान टाकलं का?" मी सगळं सांगितलं. पेटी, नट, स्पंज, नऊ अंडी. आणि शुक्रवार. शुक्रवारचं सांगताना त्या मावशीचा म्हशीच्या पाठीवरून फिरणारा हात डोळ्यांपुढून जात नव्हता.

माय जेवता जेवता थांबली. "तू चार महिन्याची होती तवा मी तुले बंडीत नेओ वावरात. थे बंडी तं तुह्या जीपहून वाईट. तुले काय स्पंजात ठासून नेलं का मी?"

"मग कसं नेलं?"

"झोळी टांगली. बंडी आदळे, झोळी हाले. तू झोपून राहे."

मी घास तसाच हातात धरून तिच्याकडे बघत बसले. पेटी घट्ट, बोल्ट घट्ट, स्पंज घट्ट. आम्ही आदल्या दुपारभर सगळं घट्टच करत होतो, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका इमानेइतबारे अंड्यापर्यंत पोहोचवत होतो. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मायला म्हणाले, "तू हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुनं इचारलं कदी?"

तिनं संदुकीतून आपलं जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. दुहेरी करून त्याच्या चार टोकांना अडकवता येतील अशा काजासारख्या गाठी मारल्या. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मी पंक्चरवाल्याकडून कापून आणल्या. दुपारी कारंज्यात चाचांनी पेटीत आतून चारही कोपऱ्यांत वर आकडे बसवले, रबराच्या पट्ट्यांनी झोळी त्यांना टांगली, आणि झोळी हलताना पत्र्याला लागू नये म्हणून स्पंज फक्त बाजूंना ठेवला. बारा अंडी झोळीत. त्याच वाटेनं गेलो आणि आलो. चाचांनी झाकण उघडलं, एकेक अंडं उचलून उन्हात धरून पाहिलं. बारा.

"तुह्या मायले माझा सलाम सांग," ते म्हणाले. "आन सांग, पेटी मात्र माझी हाय."

शुक्रवारी सकाळी निघताना माय आधीच जीपमध्ये बसलेली. "झोळी मी बांधली, मी येते." पांदण लागली तशी ती एका हातानं जीपच्या टपाची कमान धरून आणि दुसरा पेटीवर ठेवून बसली. मी चरांमधून जीप काढत होते आणि प्रत्येक दणक्याला मागे वळून पेटीकडे बघत होते. मशीन चालू झालं नाही तर मावशीला कोणत्या तोंडानं सांगायचं, हे मी मनात चारदा घोकून पाहिलं. एकदाही जमलं नाही.

व्यापारी आमच्या आधी पोहोचला होता. बाजेवर बसून चहा पीत होता. म्हशीचं दावं सोडून मावशीनं हातात धरलं होतं, पण त्याला दिलं नव्हतं. माझी वाट पाहत तशीच उभी होती.

कुलूप काढलं. मायनं झोळीतून मशीन उचलून माझ्या हातात दिलं. बटण दाबलं. पडदा उजळला.

मी म्हशीला हात लावण्याआधी एक लांब श्वास घेतला, कारण मशीन चालू होणं म्हणजे म्हैस गाभण असणं नव्हे. प्रोब फिरवला. करडं, काळं, करडं. मग काळ्याच्या मधोमध जोंधळ्याएवढं काहीतरी, आणि त्यात बारीक लुकलुक. पडदा मी मावशीकडे वळवला.

"हे काय फडफडून राह्यलं वं?"

"काळीज हाय, मावशी. रेडकाचं."

मावशीनं दावं खुंट्याला बांधलं, एक गाठ पुरेशी असताना तीन मारल्या, आणि मग म्हशीच्या मानेत तोंड घालून रडली. व्यापाऱ्यानंही वाकून पडदा पाहिला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मंग आता मी कायले थांबू?" माय म्हणाली, "थांबा न. चा झाला की हिच्या जीपमधी बसून जा." तो जीपकडे, मग पांदणीकडे बघून म्हणाला, पायीच बरं.

पावसाळ्यात म्हैस व्याली. पारडी झाली. मी आणि माय पाहायला गेलो तर मावशीनं खरवसासाठी चिकाची किटली भरून दिली, अगदी काठोकाठ, आणि झाकण सैल. पांदणीचे चर आता पाण्यानं भरलेले होते. माय किटली हातात घेऊन जीपमध्ये कुठे ठेवावी ते शोधू लागली. सीटवर नाही, पायाशी नाही. मग तिनं पेटी उघडायला लावली, झोळीतलं मशीन काढून माझ्या हातात दिलं आणि तिथे किटली नीट बसवली.

"अगं, आणि मशीन?" मी ओरडलेच.

"आन थे इकडे. मी घेते न मांडीवर."

ती पुढच्या सीटवर बसली, मशीन मांडीवर घेतलं आणि पदराखाली झाकलं. घरी पोहोचेपर्यंत चिकाचा एक थेंब सांडला नाही. मशीनलाही काही झालं नाही. सगळ्या वाटेवर मायचा हात त्याला थोपटत होता, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.