अक्काचा रिकामा तास

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या घरी दुपारचा झोपलो होतो. आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या बातम्या मला झोपेतून उठवूनच सांगाव्या लागल्या आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गावाकडचा, अक्काच्या शेजारचा सुभाष फोनवर रडत सांगत होता, “अक्का गेली रे, हार्ट अटॅक,” आणि मला मात्र आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता आईचं कोण करणार? रडू त्यानंतर आलं... रांगेत मागे उभं असल्यासारखं. गेले काही आठवडे मी हा क्रम बदलून पाहतो आहे. बदलत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. किहीमजवळच्या आमच्या गावात, माध्यमिक शाळेत तिने जन्मभर शिकवलं, लग्न केलं नाही, आणि वडिलांच्या मागे अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळलं. मी महिन्यातून एखादा रविवार जायचो, घावन खायचो, पाच मिनिटं आईचे पाय दाबायचो आणि मोठी सेवा केल्याच्या थाटात परत यायचो.

शाळेचं मंत्रिमंडळ अक्काकडे असायचं. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, सगळा सरंजाम; शपथविधीला हारसुद्धा. पण तिच्या मंत्र्यांचं खरं काम भाषणं करण्याचं नव्हतं. कोण डबा आणत नाही, कोण दोन दिवस गप्प गप्प आहे, कोणाला बाकावर शेजारी कोणी घेत नाही, हे त्यांनी बघायचं आणि विचारपूस करायची. “ज्याला शेजारच्याचं तोंड वाचता येत नाही तो कसला पुढारी?” असं ती म्हणायची. एका वर्षी तिने कोळीवाड्यातल्या नववीतल्या सायलीला मुख्यमंत्री केलं. पोरगी तल्लख, शब्दाला पक्की. सगळी शाळा तिने सुतासारखी सरळ केली, आणि दिवाळीनंतर एकाएकी शाळेत यायचीच थांबली. अक्का तिच्या घरी गेली. आई पहाटेच मासळी घेऊन बाजारात गेलेली, सायली चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि दोन धाकटे भाऊ तिच्या पाठीवर लोंबकळत होते. अक्काने काही विचारायच्या आत ती म्हणाली, “बाई, मना घरान पन मंत्रीच करून ठेवलंय. शालेन तरी जनता ऱ्हाव द्या ना!”

हे अक्काने मला घावन वाढता वाढता सांगितलं. मी खो खो हसलो. म्हटलं, “काय हजरजबाबी पोरगी आहे!” अक्का हसली नाही. “मी तिला शाबासकी म्हणून ओझं दिलं रे,” एवढंच म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक घावन टाकलं. तेही मी खाल्लं.

मग अक्काने नियमच बदलला. जी मुलं घरी आधीच मंत्री आहेत त्यांना शाळेत पद नाही. उलट त्यांना आठवड्यातून एक रिकामा तास. वाचनालयात बसायचं आणि काहीही करायचं नाही. सायली परत आली ती त्या तासासाठी. आणि पदं कोणाला? तर ज्यांनी घरी कधी इकडची काडी तिकडे केलेली नाही त्यांना. मुख्याध्यापक हबकले. “बाई, या गाढवांच्या हाती शाळा देता?” अक्का म्हणाली, “सर, ओझ्याची सवय गाढवांनाच लावायची असते.” पाणीमंत्री म्हणून तिने असा मुलगा नेमला, की त्याला प्यायचं पाणीसुद्धा आई हातात आणून देत असे. सुरुवातीला शाळेची टाकी कोरडी पडली, बोंबाबोंब झाली. वर्षअखेर तोच मुलगा घरी आईला हंडे भरून द्यायला लागला. अक्का मला म्हणाली, “अगदी तुझ्यासारखी पोरं शोधून काढते मी.” मला तो विनोद वाटला. चारचौघांत मी तो रंगवून सांगायचो...

आता मी गावीच राहतोय. आई घर सोडायला तयार नाही. पहिल्या दिवशी माझ्या हातची पेज तोंडात घेऊन ती म्हणाली, “टाकी कोरडी पडली म्हणायची!” म्हणजे अक्का तिलाही सगळं सांगत होती.

परवा भरवताना मी तिला विचारलं, “आई, अक्काला रिकामा तास कधी मिळायचा गं?” खरं सांगायचं तर मला ‘नव्हताच’ असं उत्तर हवं होतं, म्हणजे रीतसर अपराधी वाटून घेऊन मोकळा झालो असतो. आई म्हणाली, “होता की. अंघोळीचा. नळ सोडायची आणि आत स्टुलावर नुसती बसून राहायची. बादली भरून पाणी वाहतंय ते इथे पलंगावर ऐकू यायचं मला. मी नाही हाक मारायचे.”

आई मारत नव्हती. मी मारायचो. रविवारी भुकेला येऊन दारातूनच ओरडायचो, “अक्का, झोपलीस का काय आत?” आणि आतला नळ पटकन बंद व्हायचा. “आले रे, आले...”

न्हाणीत ते निळं प्लास्टिकचं स्टूल अजून आहे. काल आईचं सगळं आवरून मी आत गेलो, कडी लावली, नळ सोडला आणि त्यावर बसलो. बादली भरली. पाणी काठावरून वाहायला लागलं, मोरीपर्यंत गेलं... तरी मला उठवेना. भिंतीपलीकडे आई जागी होती.

तिने हाक मारली नाही.