थाओच्या तोंडी परीक्षेसाठी बोईसर

"टीचर, मी घरी परत जाते." थाओचा एवढाच मेसेज आला आणि मी बॅग भरायला घेतली.

मी नाशिकला बसून ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकवते. माझे बरेचसे विद्यार्थी व्हिएतनामचे, थाओ त्यातलीच. रसायनशास्त्र शिकलेली ही पोरगी तारापूरच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या लॅबमध्ये प्रशिक्षणाला आली होती. शेवटी साहेबांसमोर इंग्रजीतून तोंडी परीक्षा. पास झाली तर नोकरी, नाहीतर परतीचं विमान. पहिल्या खेपेला ती मधेच गप्प झाली. सोमवारी दुसरी आणि शेवटची संधी होती. हे काही फोनवर निस्तरणारं नव्हतं.

शनिवारी सकाळी जव्हारमार्गे एसटीने निघाले. घाट फार वळणांचा, तेव्हा पोटात हलकंच काहीतरी असू द्या. मी मिसळ चापून निघाले आणि जव्हारपर्यंत भोगलं. मनोरला चहा झाला. पुढे मासवणला सूर्या नदी सुंदर दिसते म्हणे. मला विचारू नका, मी फोनमध्ये डोकं खुपसून थाओला प्रश्न पाठवत होते. पालघरहून बोईसरला दुसरी एसटी. लॉजवर आधी फोन करून जा, कारखान्यांच्या माणसांनी खोल्या कायम भरलेल्या असतात.

थाओ लॉजच्या दारातच उभी होती, डोळे सुजलेले. वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न काय? "टीचर, आता तरी सांगा, तुमचं वय किती?"

अस्सा राग आला! व्हिएतनामचा प्रत्येक नवा विद्यार्थी मला हेच विचारतो आणि मी दरवेळी विषय बदलते. त्यांच्याकडे समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला ताई म्हणायचं, मावशी म्हणायचं की आजी, हेच ठरत नाही. स्वतःला 'मी' म्हणायचा शब्दसुद्धा त्यावरून बदलतो. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "वय गेलं खड्ड्यात, आधी स्वतःची ओळख करून दे."

तिने सुरुवात केली आणि मी चाटच पडले. सुंदर, सफाईदार इंग्रजी, पण आवाज माझा! तिकडची मुलं रेकॉर्डिंग लावतात आणि त्याच्याबरोबर, सावलीसारखी, मोठमोठ्याने बोलतात. थाओने माझे धडे पहाटे गच्चीवर जाऊन घोटलेले. वाक्य संपवायच्या आधीचं माझं खाकरणंदेखील तिने उचललं होतं. मग मी धड्याबाहेरचं विचारलं, "आज जेवलीस काय?" संपलं. ओठ हलेनात. संध्याकाळपर्यंत वीस तऱ्हांनी विचारलं, दरवेळी तेच. शेवटी मी ओरडले आणि ती रडली. मला रात्रभर झोप नाही.

रविवारी सकाळी चहा पिताना तिनेच सांगितलं की हनोईत मुलं सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी जातात, फिरायला आलेले परदेशी गाठतात आणि विचारतात, तुमच्याशी थोडं बोलू का? म्हटलं, अगं, इथे परदेशी तूच! चल, लोकांना गाठू दे तुला.

रिक्षा करून समुद्रकाठच्या मुरब्याला गेलो. जायचं-यायचं दोन्ही भाडं आधीच ठरवा, परतीची रिक्षा सहज मिळत नाही. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. तिथे सुमनमावशी नावाच्या एक बाई मासळी उलटसुलट करत होत्या आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मयूरी मदतीला होती. मी येण्याचं कारण सांगितलं तर मयूरी आईच्या मागे दडली. म्हणजे थाओ आणि ही, दोघी सारख्याच! थाओने खाकरून माझ्या आवाजात ओळख सुरू केली, तिसऱ्या वाक्याला अडकली आणि खाली बघायला लागली.

सुमनमावशींनी तिला खालून वर न्याहाळलं. "किती वर्साची हाय गो ही? इचार तिला."

मयूरीने घाबरत घाबरत इंग्रजीत विचारलं. थाओने झटकन मान वर केली. म्हणाली, चोवीस. आणि तुझ्या आईचं?

"मी पन्नाशीची. मंग माजी पोरच झाली ना ही," मावशी म्हणाल्या.

झालं! थाओ जी सुटली ती थांबेचना. मोडकंतोडकं, क्रियापदांचे काळ सोडून दिलेलं इंग्रजी, पण तिचं स्वतःचं. म्हणाली, तिची आईपण मासळी वाळवते, पण जाळीवर पसरून. इथे टांगतात ते बरं, वारा दोन्हीकडून लागतो. मयूरीही बोलायला लागली. मावशींनी आम्हाला बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाऊ घातली. मी मात्र घास चिवडत बसले होते, कारण सोमवारी समोर मावशी नसणार, साहेब असणार.

सोमवारी कारखान्याच्या फाटकासमोर टपरीवर बसले. हवेला औषधी वास, घशात खवखव. चहावाला हिंदीत दोनदा म्हणाला, मॅडम, अंदर जाके बैठो. कशाची बसते! चहावर चहा झाले. शेवटी थाओ बाहेर आली, चेहऱ्यावरून काही कळेना.

"मी साहेबांना वय विचारलं," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. हिचं विमान तर मी इथूनच उडताना पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं म्हणे, मग म्हणाले, अठ्ठावन्न. म्हणजे काका. मग काकांना तिने व्हॉल्व्ह गळला तर काय करेन ते सांगितलं, आणि एक गोष्ट माहीत नव्हती तेव्हा माहीत नाही असंही सांगितलं. निकाल नंतर कळवतो म्हणाले.

नाशिकला परतले. दोन दिवस जीव टांगणीला. मग तिचा व्हॉइस मेसेज आला. वाक्यागणिक चुका, खाकरणं कुठेच नाही, आणि शेवटी, नोकरी मिळाली. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

परवा नव्या तुकडीचा पहिला तास होता. स्क्रीनवर बारा चेहरे, सगळे अवघडलेले. मी कॅमेरा सरळ केला आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "मी एकसष्ट वर्षांची आहे. आता तुम्ही सांगा."