आडी लागायच्या आत

घर कितीही पडकं असो, शेषगिरी ते खपवतो. तंजावुरात दलाली करून त्याचे केस पिकले. पण माणूस खपवायची वेळ त्याच्यावर अंबुजाबाईंमुळे आली.

अंबुजाबाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. शेषगिरीसारख्याच तंजावरी मराठी घरातल्या. त्या भाड्यानं राहत होत्या ते घर शेषगिरीनंच विकलं होतं. घेणाऱ्याला आडी महिना लागायच्या आत किल्ली हवी होती, कारण आडीत इकडे कोणी घर बदलत नाही. सौदा टिकवायचा तर बाईंना त्याआधी हलवणं भाग होतं, आणि ते काम ओघानंच त्याच्या गळ्यात पडलं.

त्याला वाटलं, पेन्शनवाली, शांत भाडेकरू. घरमालक उड्या मारतील. कसल्या उड्या आणि कसलं काय. मालक बाईंना बसवत, कॉफी देत, आणि संध्याकाळी फोनवर सांगत की घर भाच्याला द्यायचं ठरलंय. गावात इतके भाचे आहेत हे शेषगिरीला ठाऊकच नव्हतं. खरं कारण एकानंच बोलून दाखवलं. एकट्या म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर निस्तरायचं कोणी?

बाईंना ते न सांगताच कळत होतं. तरी दर वेळी त्या इस्त्रीची साडी नेसून तयार असत. ती साडी बघून शेषगिरीला वाईट वाटे, आणि मग तो स्वतःवरच चिडे. वाईट वाटून घेत बसलं तर धंदा कधी करायचा?

आडी अगदी तोंडावर आली तेव्हा वैद्यनाथ नावाच्या गृहस्थांचा तळमजला रिकामा झाला. त्यांनीही तमिळमध्ये नेहमीचंच विचारलं, "यांचं कोण आहे?"

"मी आहे," शेषगिरी बोलून गेला. "या माझ्या आत्या."

"मग तुमच्याच घरी का नाही राहत?"

गच्ची का गळते, विहीर का आटली, सगळ्याला शेषगिरीकडे उत्तर तयार असतं. या वेळी मात्र तो किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत राहिला.

"याच्या घराला जिना आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझे गुडघे ऐकत नाहीत. रोज ये म्हणतो बिचारा."

वैद्यनाथांनी मान डोलावली आणि किल्ली दिली.

परतताना रिक्षात बाईंनी घरच्या मराठीत विचारलं, "तुझ्या घरास जिना आहे काय रे?"

"नाही, टीचर. तळमजलाच आहे."

"असूं दे. त्यांस सांगूं नको."

शेषगिरीला लाज वाटली. घरं दाखवणं हाच त्याचा धंदा. पण रिक्षा त्याच्या दारावरून गेली, तेव्हा आपलं घर त्यानं दाखवलं नाही.