उशीतला दाखला

माझा शाळेचा दाखला कापसाच्या भावानं विकला गेला, हे मी आता म्हातारपणी सांगतो तेव्हा नातवंडं पोट धरून हसतात. मला त्या वेळी हसू आलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर ती अजून पुरती विझलेली नाही.

त्या सालांत सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि सगळ्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर वळली. भाव असा चढला की भल्याभल्यांची डोकी ठिकाणावर राहिली नाहीत. शेतातला कापूस संपला तेव्हा लोकांनी गाद्या उसवल्या, रजया फाडल्या, आत चिंध्या नाहीतर वाळलं गवत कोंबलं आणि त्यावर झोपले. अकोल्याजवळच्या आमच्या गावात त्या हिवाळ्यात पाहुणा आला तर त्याला काय अंथरून द्यावं, हा घरोघरचा प्रश्न होता.

माझा दाखला आईनं उशीत शिवून ठेवला होता. आमच्या घराला उधई, म्हणजे वाळवी, फार. पेटीतले कागद तिनं दोनदा फस्त केलेले. शिवाय पोराच्या हुशारीचा कागद चार माणसांच्या डोळ्यांसमोर ठेवला तर दृष्ट लागते, अशी आईची खात्री. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण तो कागद तिनं मेणकापडात गुंडाळला, माझ्या उशीच्या कोपऱ्यात सरकवला आणि खूण म्हणून तेवढी शिवण लाल दोऱ्यानं घातली. ही गोष्ट तिला आणि मला, दोघांनाच ठाऊक होती.

आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला परतवाड्याला गेली, मी अकोल्यात नोकरीच्या खटपटीत, आणि मागे थोरल्या भावानं घरातला झाडून सगळा कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत घातला. मी परत आलो तर माझ्या जागेवर गवताची उशी.

"दादा, माही उशी कोठी हाये?"

"इकली. दुसरी देली ना भरून. काहून, मान दुखून राहिली काय?"

"तिच्यात माहा दाखला होता!"

"उशीत?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "उशीत कोणी कागद ठेवते काय बे?" आणि मग तो हसला. पोटभर हसला. मी ती गवताची उशी उचलून अंगणात भिरकावली, ती गाईनं खाल्ली.

आठ दिवसांनी आई आली. तिनं जमिनीवरून लाल दोऱ्याचा एक तुकडा शोधून काढला आणि तो बोटाला गुंडाळत म्हणाली, "मले काय मालूम, घरातल्या उशाले बी गिऱ्हाईक येईन म्हून." तिच्यावर रागावणं मला जमलं नाही, म्हणून तिच्या वाटचाही राग मी भावावरच काढला. पुढचा महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही.

तो कागद काही भिंतीवर लावायला नको होता. बार्शीटाकळीच्या सरकारी शाळेत मास्तराची जागा निघाली होती आणि मी अर्ज केला होता. आमच्या घराण्यात नांगर सोडून लेखणी धरलेला मीच पहिला. ही जागा गेली असती तर मला मुकाट्यानं भावाच्या हाताखाली बैलांमागे चालावं लागलं असतं, आणि ते मला मरणाहून वाईट वाटत होतं.

अकोल्याच्या कचेरीतला कारकून पुण्याकडून आलेला होता. माझं बोलणं ऐकताना तो असा चेहरा करी, की जणू माझ्या तोंडाला कसला वास येतोय.

"दाखला हरवला? कुठे?"

मी उशीची हकीकत सांगितली. त्यानं शेजारच्याला हाक मारून ती मला पुन्हा सांगायला लावली. दोघं हसले. मी दातओठ खात उभा राहिलो.

"शाळेच्या दप्तरातून उतारा आणा मग," तो म्हणाला.

दप्तर कुठून आणू? सुगीत कापूस ठेवायला जागा पुरेना म्हणून आमच्या जुन्या शाळेच्या खोल्या एका व्यापाऱ्यानं भाड्यानं घेतल्या होत्या. कापूस आत कोरडा आणि दप्तर बाहेर ओसरीत. अवकाळी पावसाच्या एका सरीत आमच्या सगळ्यांच्या परीक्षांचा लगदा झाला. आमचे मास्तर त्याआधीच पटकीनं गेले होते. हे सगळं मी कचेरीत जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

कारकुनानं नियमांचं बाड उघडलं. त्याच परीक्षेत उतरलेल्या, म्हणजे पास झालेल्या, दोघांनी साक्ष दिली तर नवा दाखला मिळेल. त्यांनी समक्ष यावं, नाहीतर आपल्या गावच्या कचेरीचा शिक्का घेऊन लेखी पाठवावं. "होळीच्या आत आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल," असं म्हणून त्यानं बाड मिटलं.

आमच्या वर्गातले पाच जण उतरले होते. एक पटकीत गेला, एक निजामाच्या मुलखात गेला तो गेलाच. मी धरून उरलो तिघं. म्हणजे मला निवड करायची सोयच नव्हती.

त्यातला एक अमरावतीत होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा व्यापार. आता तो कापसाचा दलाल झाला होता. मी कापसाच्याच एका गाडीवर, बोऱ्यांच्या ढिगावर बसून तीन दिवसांनी अमरावतीला पोचलो. परकोटाबाहेर, राजापेठेच्या अंगाला त्याचं आवार होतं. आत गाठींच्या थप्प्या आणि मध्ये तो, अत्तर लावून, खुर्चीवर. शाळेत आम्ही एकाच गोणपाटावर बसत होतो.

"आओ यार, आओ!" त्यानं मला मिठी मारली. "मास्तर होऊन राहिला म्हणे. या जमान्यात? अरे, माझ्याकडे ये, गाठी मोज, मजेत राहशील."

"मले सही पायजे, नोकरी नाही."

"हौ बाबा, देतो. पहिले जेव तर खरा."

जेवताना शाळा निघाली. पाढे चुकले की मास्तर पोराला खांबाला मिठी मारून उभं करीत, ती खांबाची मिठी. धूळपाटीवर शिंक आली की पुसला जाणारा हिशेब. आणि परीक्षेचा दिवस. साहेब घोड्यावरून आला होता, लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. मला त्यानं औटकी विचारली, म्हणजे साडेतीनचे पाढे. अठरा औट किती? माझ्या डोक्यात काळोख झाला होता.

"तू पास कसा झाला, सांगू काय?" दलाल मित्र हसत म्हणाला. "तुझ्या पाठीमागं आपला अक्षरवाला बसला होता. त्यानं तुझ्या पाठीवर बोटानं ठोकलं. सहा वेळा, मग थोडं थांबून तीन वेळा."

"त्रेसष्ट," मी म्हणालो. माझे कान तापले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हतो.

ज्याला तो अक्षरवाला म्हणाला, तोच आमचा तिसरा. वर्गात पहिला. त्याचं मोडी अक्षर असं, की मास्तर तालुक्याला जाणारे अर्ज त्याच्याकडून लिहून घेत. "आता त्याच्याकडेच चाललो," मी म्हटलं. "कसा आहे तो?"

दलालानं घास ताटात ठेवला. "गावी आहे. माझं नाव नको काढू त्याच्यापाशी," एवढंच तो म्हणाला आणि पान लावायला घेतलं. मला वाटलं, धंद्यात काही बिनसलं असेल. दुसऱ्या दिवशी त्यानं फर्ड्या झोकात सही केली, ओळखीच्या जोरावर कचेरीचा शिक्का मिळवून दिला, आणि मी निघालो.

अक्षरवाल्याचं गाव अकोल्याहून बार्शीटाकळीच्या वाटेवर. मी पोचलो तेव्हा तो खळ्यावर ज्वारीची मळणी करत होता. खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर ओढलेलं. मला बघून तो थांबला, पण हसला नाही. मडक्यातून तांब्या भरला आणि डाव्या हातानं माझ्यापुढे धरला.

मी तीन तास उन्हातून चालत आलो होतो. डाव्या हातानं पाणी? दारच्या भिकाऱ्यालाही कोणी तसं देत नाही.

"डाव्या हातानं देतं काय रे?" मी ओरडलो. "एवढा माज कशाचा आला तुले?"

त्यानं तांब्या खाली ठेवला आणि उपरणं बाजूला केलं. उजव्या हाताला एक अंगठा तेवढा होता. बाकी चारी बोटं मुळापासून गेलेली.

दलालानंच त्याला अमरावतीला नेलं होतं. एका गोऱ्या व्यापाऱ्यानं कापूस दाबायचं लोखंडी यंत्र आणवलं होतं आणि गाठींवर धन्याची खूण घालायला चांगल्या अक्षराचा माणूस हवा होता. हा गाठीवर वाकून लिहीत असताना वरचा दाब सुटला. "भाव चढला होता ना, यंत्र थांबवाले कोणाले येळ नोयता," तो म्हणाला. तीन वर्षं झाली होती या गोष्टीला. माझ्या गावापासून त्याचं गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि मला पत्ता नव्हता.

आता जे लिहितो ते लिहायची मला लाज वाटते. त्याचा हात बघून माझ्या मनात पहिल्यानं काय आलं असेल? हळहळ नाही. आता सही कोण करणार, हे आलं. मी चिडलो, त्याच्यावरच चिडलो, जसं काही त्यानं माझा अर्ज बुडवायलाच बोटं घालवली होती. तोंडानं मी "अरेरे" म्हणालो. पण तो लहानपणापासून माझं तोंड ओळखत होता.

"कायले आला होता?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं बैल सोडले, तोंड धुतलं, घरातून एक फडक्यात बांधलेलं पुडकं आणून कमरेला खोवलं. "चाल," म्हणाला.

कचेरीत कारकुनानं दलालाची सही असलेला साक्षीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं डाव्या हातात बोरू धरला आणि खाली नांगराचं चित्र काढलं. ज्यांना सही येत नाही ते शेतकरी दस्तावर असाच नांगर काढतात. डाव्या हातानं त्याला तेवढंच जमत होतं.

कारकून त्या नांगराकडे बघून खो खो हसला. "निशाणी नांगर! आणि हे म्हणे परीक्षा उतरले आहेत! अहो, एकानं दाखला उशीत घातला आणि दुसरा साक्षीला नांगर घेऊन आला. वऱ्हाडात परीक्षा घेतात तरी कशाच्या?"

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, दौत कलंडली. मी त्याला नाही नाही ते बोललो. शिपाई मला धरायला उठला.

"तू गप," अक्षरवाला मला म्हणाला. त्यानं कमरेचं पुडकं सोडून स्वतःचा दाखला कारकुनापुढे ठेवला, मग नियमांचं बाड डाव्या हातानं आपल्याकडे फिरवलं आणि वाचायला लागला. मोडीतलं किचकट कचेरीचं लिखाण, पण कुठे अडखळणं नाही. कलम संपलं तेव्हा त्यानं वर पाहिलं. "साक्ष द्यावी, असं लिहेल हाये. सही कोण्या हातानं, नांगर चालते का नाही, ते यात कोठीच नाही. दाखवा मले."

कारकुनानं तो दाखला उलटसुलट बघितला. वर्गात पहिला, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. जरा निराळ्या आवाजात त्यानं विचारलं, "मग या जागेला तुम्हीच का अर्ज केला नाहीत?"

"फळ्यावर नांगर काढू काय?" तो म्हणाला.

त्याच साक्षीच्या कागदावर लिहून दिलेला नवा दाखला घेऊन आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, सुट्टीच्या दिवशी येत जाईन, जुन्या गोष्टी काढू, आपण दोस्त आहोत. दलालानं सांगितलेली पाठीवर ठोकल्याची आठवणही मी मोठ्या प्रेमानं काढली.

तो थांबला.

"तीन सालं झाले," तो म्हणाला. "माही बोटं गेली तवा तू कोठी होता? तुहा कागद गेला, तवा मी आठवलो तुले."

आणि तो आपल्या गावच्या वाटेला लागला.

बार्शीटाकळीला मी तीस वर्षं मास्तरकी केली. लढाई संपली, भाव कोसळले, भावाशी माझं बोलणंही पुन्हा सुरू झालं. औटकी शिकवायची वेळ आली की मी ती मोठ्या पोराकडून म्हणून घेत असे. अठरा औट मला स्वतःच्या तोंडानं कधी म्हणता आलं नाही. तो दाखला अजून माझ्या पेटीत आहे. खाली दोन साक्षी आहेत, एक झोकदार सही आणि एक वेडावाकडा नांगर. नातवंडं विचारतात, हा अडाणी कोण होता? मग मला राग येतो, आणि तो पोरांवर नसतो.